खापरला न दाखवलेली नववी रीळ

मित्रांनो, मी एक जुनी रीळ आहे आणि माझ्या अंगाला सिरक्याचा वास येतो. आत्मवृत्त सांगणाऱ्याने आधी आपल्या तरुणपणीच्या झळाळीचं वर्णन करावं असा रिवाज आहे. मला तेवढी सवड नाही. फिल्म आतून कुजायला लागली की तिला असा आंबट वास सुटतो. मग ती आखडते, तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि शेवटी तिच्यावरचं चित्र कांद्याच्या पापुद्र्यासारखं निघून येतं. हे सगळं माझं होऊन चुकलं आहे. म्हणून जरा भरभर बोलते. मध्येच तुटले तर समजून घ्या.

माझा जन्म मुंबईचा, साधारण साठ वर्षांपूर्वीचा. ‘उल्कामानव’ नावाच्या काळ्यापांढऱ्या हिंदी सिनेमाच्या चौदा रिळांमधली मी नववी. सिनेमा विज्ञानाचा होता, म्हणजे त्यात दिवे लुकलुकत होते. नायक गोरा होता. त्याच्या अंगावर उल्का पडते आणि त्याला अचाट शक्ती मिळते. तीच उल्का दुसऱ्या कुणावर पडली असती तर तो नुसता मेला असता. नायिका शास्त्रज्ञ होती, म्हणजे तिला पांढरा कोट होता. तो कोट घालून तिने सगळ्या सिनेमात एकच प्रयोग केला, तो चहाचा. नायक मंगळावर जातो. तिथले लोक अंगाला कोळसा फासून, डोक्याला पिसं लावून ‘हुंबा हुंबा’ करत नाचतात. मंगळावर पिसं कुठून आली हे कुणी विचारलं नाही. विज्ञानात फार प्रश्न विचारायचे नसतात.

पृथ्वी वाचवण्याच्या कामात मरणाचा नंबर आधी कुणाचा हेही ठरलेलं होतं. पाचव्या रिळेत एक रहीमचाचा होता. तो नायकाला दुवा देऊन मेला. आणि नवव्या रिळेत, म्हणजे माझ्यात, नायकाचं सामान वाहणारा काळू मेला.

काळूचं काम करणाऱ्या माणसाचं नाव भीमसिंग. तो खापरचा. अक्कलकुव्याच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला लागून असलेलं हे बाजाराचं गाव. तिथून तो सुरतेला ऊसतोडीला गेला, सुरतेहून मुंबईला. स्टुडिओत त्याला दिवे उचलायला ठेवलं होतं. दिग्दर्शकाला एक काळा आणि धट्टाकट्टा माणूस हवा होता, म्हणून दिवे उचलणारा दिव्यांपुढे उभा राहिला. नामावलीत ‘आणि इतर’ अशी पाटी येते, तिच्यात तो होता.

आता माझ्या जीवनातली मुख्य गोष्ट सांगते. भीमसिंग जवळजवळ सगळ्या सिनेमाभर होता, पण त्याचा चेहरा कुठेच नव्हता. कॅमेरा नायकावर असे. नायकाला घेऊन चौकटीत जी जागा उरे तिच्यात कधी भीमसिंगचा खांदा येई, कधी कान, कधी पेटी धरलेला हात. बहुतेक वेळा पाठ. बाकीच्या तेरा रिळांत मिळून त्याचं अख्खं तोंड एकदाही दिसत नाही. ते फक्त माझ्यात आहे. नायकावर सोडलेला किरण तो छातीवर झेलतो, खडकाला टेकून बसतो, आणि मग पडदा भरून त्याचा चेहरा येतो. घामेजलेला, रुंद, थोडा चकित झालेला. त्याला एक वाक्यही आहे. दिग्दर्शकाने त्याला चेहरा दिला तो मरण्यापुरता.

मोठ्या शहरांतून फिरून, ओरखडे खाऊन आम्ही चौदाजणी भुसावळच्या एका वितरकाकडे आलो. त्याने आम्हाला मोडीत काढलं, आणि नंदुरबारच्या सलाउद्दीनने आम्हाला विकत घेतलं. त्याची टुरिंग टॉकीज होती. एक तंबू, एक मशीन, एक माईक. मशीन एकच, म्हणून दर रिळेनंतर दिवा लागायचा आणि सलाउद्दीन पुढची रीळ चढवेपर्यंत माईकवरून अहिराणीत गोष्ट सांगायचा. हिंदी सगळ्यांनाच कळायची असं नाही, आणि जे पडद्यावर धड दिसत नसे ते सलाउद्दीन बोलून दाखवी. लोक म्हणत, सिनेमापेक्षा सलाउद्दीन बरा.

आम्ही तापीकाठच्या प्रकाशा गावच्या यात्रेत लागलो. ब्राह्मणपुरीला कापूस घरात आल्यावर लागलो. सगळीकडे माझं एकच काम होतं. मी सुरू झाले की लोक शेंगा घ्यायला उठायचे. काळू मरणार हे पाचव्या रिळेपासून सगळ्यांना ठाऊक असे. नायकाच्या मारामारीत उठवत नाही, गाण्यात उठवत नाही, मग उठायचं कधी? मी भीमसिंगचा चेहरा पडदाभर करून दाखवत असे आणि समोर पाठीच पाठी असत.

मग आम्ही खापरला गेलो.

पहिल्याच दिवशी, काळू पेटी घेऊन पाठमोरा चालत गेला, तशी पुढच्या रांगेतली एक बाई उभी राहिली. मांडीवरची पोरगी, गुलाब, तिने कडेवर घेतली. तिचं नाव दिवलीबाई.

“हाऊ तं आमना शे,” ती म्हणाली. हा तर आमचा आहे. “गुलाबना बाप शे हाऊ.”

लोक आधी हसले. मग एकाने चाल ओळखली, दुसऱ्याने खांदा ओळखला. भीमसिंग गाव सोडून गेल्याला चार वर्षं झाली होती, चिठ्ठी नाही, निरोप नाही. आठवी रीळ संपेपर्यंत तंबूत एकच बोलणं होतं. नायकाने उचललेला डोंगर कुणी पाहिला नाही. सगळे चौकटीच्या कोपऱ्यात भीमसिंगचा कान शोधत होते.

दिवा लागला. सलाउद्दीनने मला डब्यातून काढलं. त्याचा हात माझ्यावर होता आणि तो दिवलीबाईकडे बघत होता. ती पोरीला सांगत होती, “आते तोंड दिखी, देख.” आता तोंड दिसेल, बघ. सलाउद्दीनला ठाऊक होतं की तोंड दिसणार आहे, आणि ते कसं दिसणार आहे हेही ठाऊक होतं. त्याने मला परत डब्यात ठेवलं, दहावी रीळ चढवली आणि माईक तोंडाशी धरला.

“आयका मंडळी. भीमसिंग मंगळवरच राही गया. तठे तेले राजा करी टाकं. कारभार मोठा शे, म्हनीसन येवाले वेळ नई.”

मित्रांनो, तंबू फाटेल अशी टाळी पडली. ती माझ्या नावावर नव्हती, पण मी नसल्यामुळे पडली होती. माझ्या वाट्याला एवढंच कौतुक आलं.

त्यानंतर खापरला आमची दरवर्षी मागणी येऊ लागली. तिथल्या पाटीवर सलाउद्दीनने भीमसिंगचं नाव नायकाच्या वर रंगवलं. खापरची माणसं भोळी नव्हती. मंगळावर कुणी राजा झालेलं नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण ज्या सिनेमात पहिल्यांदाच आपला माणूस आहे, त्यात तो जिवंत राहत असेल तर कशाला खोदून विचारा? बाजारात बाया दिवलीबाईची फिरकी घेत.

“काय व दिवलीबाई, राजा कधी ई ऱ्हायना?”

“मंगळवर यस्टी नई जास ना, बहीन. तो तरी काय करी?”

हसून झालं की ती तंबूत येई आणि पुढे बसे. वर्षानुवर्षं तिने नवऱ्याची पाठ पाहिली. पोरगीही पाठच पाहत मोठी झाली. घरात त्याचा फोटो नव्हता. भीमसिंग परत आला नाही. का आला नाही हे माझ्यावर छापलेलं नाही, म्हणून मी सांगू शकत नाही.

पुढे गावोगाव व्हिडिओ आला, मग टीव्ही आला, आणि तंबूची ताडपत्री केळीच्या ट्रकवर गेली. माझ्या बहिणी कुठे गेल्या ते ऐका. काही भंगारात गेल्या. काहींच्या पट्ट्या पाखरं हाकायला ज्वारीच्या शेतात बांधल्या गेल्या. उल्कामानव आयुष्यात एकदाच खरोखर उपयोगी पडला, तो पाखरांविरुद्ध. सलाउद्दीनने मला मात्र विकलं नाही. बायकोने, नईमाने, विचारलं तेव्हा म्हणाला, “जेनं मरन मी झाकं, तेले भंगारमां कसं टाकू?” आणि त्याने माझ्या डब्याला चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. हवा लागू नये, धूळ जाऊ नये म्हणून. काळजीपोटी.

तीच काळजी मला भोवली. फिल्म कुजते तेव्हा तिच्यातून जी आंबट वाफ निघते, ती बाहेर गेली नाही तर फिल्मलाच खाते. पिठाच्या पिंपाखाली टेकू म्हणून मी पडून होते आणि स्वतःच्याच वाफेत शिजत होते. कधीतरी नईमा म्हणे, “घरमां सिरका कोनी सांडा?” आणि फरशी पुसून घेई. मी ओरडू शकत नव्हते. माझा आवाज माझ्या कडेला बारीक नागमोडी रेघेत छापलेला आहे. तो ऐकायला मशीन लागतं.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला घरात अनोळखी आवाज आले. एक होते हेमकांत सर, कॉलेजातले प्राध्यापक. त्यांच्या कॉलेजात परिषद होती. विषय होता, ‘जुन्या विज्ञान-अतिमानव चित्रपटांतील वैविध्य व प्रतिनिधित्व’. त्यासाठी सर गावोगाव म्हाताऱ्या प्रेक्षकांना भेटत फिरत होते. खापरला त्यांना एक बाई भेटली. ती म्हणाली, माझा बाप त्यात होता, मी त्याची पाठ पाहिली आहे. सर तिला गाडीत घालून थेट सलाउद्दीनकडे घेऊन आले. ती गुलाबबाई. मांडीवरची पोरगी आता साठीला आली होती. दिवलीबाई केव्हाच गेली होती.

“चाचा,” गुलाबबाई म्हणाली, “सर म्हनतस, सिनेमाले चौदा रिळा व्हत्यात. आमले तेराच देखाड्यात. नववी कोठे शे?”

सलाउद्दीनने पिंपाकडे पाहिलं. “शे,” तो म्हणाला. “पिपनाखाले शे.”

“तेमां तेनं तोंड शे?”

“शे. पन तो तेमां मरस, बेटा.”

“तो घर मरता, तं मी देखतीच ना.”

नईमा उठली आणि पिंप सरकवू लागली. वातावरण हलकं करावं म्हणून सलाउद्दीन म्हणाला, “आमना पाचवीमां मरस, तुमना नववीमां. तुमनी तरक्की जास्त शे.” गुलाबबाई हसली. सरांनी ते टिपून घेतलं.

सरांचंही मन भरून आलं होतं. “हा सिनेमा मी लहानपणी ब्राह्मणपुरीला पाहिलाय, चाचा. सगळा आठवतो. नववी रीळ म्हणजे... तेव्हा आम्ही शेंगा घ्यायला...” एवढं बोलून सर थांबले आणि चष्मा पुसू लागले.

मग त्यांनी आपला बेत सांगितला. डबा शुक्रवारी परिषदेत उघडायचा, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते. सलाउद्दीनचाचांनी आपलं जुनं मशीन आणायचं. गुलाबबाईंनी पहिल्या रांगेत बसायचं. त्याआधी खापरच्या महिलांनी पाहुण्यांच्या स्वागताला पारंपरिक नृत्य करायचं, म्हणजे प्रतिनिधित्व होईल.

“पिसं घरनी लयानी, का कॉलेज देस?” गुलाबबाईने विचारलं.

सरांना आधी तो व्यवस्थेचा प्रश्न वाटला. मग त्यांचे कान लाल झाले.

“शुक्रवारपावत नको,” ती म्हणाली. “आते देखू.”

“बाई, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. आणि हा राष्ट्रीय ठेवा आहे. तज्ज्ञ येणार आहेत.”

“मन्ही मायनी जनमभर तेनी पाठच देखी, सर.” तिने आवाज चढवला नव्हता. “आते मी चार दिवस कोनी वाट देखू?”

सरांनी हात जोडले आणि बाजूला झाले. सलाउद्दीनने पट्टी सोडली. झाकण निघालं तसं चौघांनी तोंड फिरवलं, असा वास होता तो. मी काय झाले आहे हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. कडा लाटांसारख्या वळलेल्या, अंगावर पांढरी भुकटी. मशीनवर मी आता नीट चालणार नाही हे सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती.

अंगणात ऊन कडक होतं. सलाउद्दीन मला हळूहळू उलगडू लागला आणि गुलाबबाई एकेक चौकट सूर्याकडे धरून पाहू लागली. आधी नायक. नायक धावतो, नायक वळतो, नायकाच्या केसांची बट उडते. त्याची चित्रं चांगली टिकली होती, का ते विचारू नका. मग वेटोळी चिकटलेली लागली. सलाउद्दीन ओढायचा तसं करकर वाजायचं. मी धरून ठेवत होते, मित्रांनो. जेवढी ताकद होती तेवढी लावून मी ती चित्रं अंगाशी धरून ठेवत होते, आणि त्यामुळेच ती जास्त सोलत होती.

“हाऊ का?” गुलाबबाईने विचारलं.

“हाऊच.”

तिने पट्टी डोळ्यांजवळ नेली. नखाएवढा चेहरा. तिने तो पाहिला. मग नीट दिसावं म्हणून, कुणीही करील तसं, तिने चौकटीवरची भुकटी अंगठ्याने पुसली. भीमसिंगची एक भुवई तिच्या अंगठ्यावर आली.

ती अंगठ्याकडे बघत राहिली. मला त्या क्षणी तुटून जावंसं वाटलं, पण तुटण्यासाठीही कुणीतरी ओढावं लागतं.

पुढच्या चौकटीत भुवई होती. त्याच्या पुढच्या चौकटीत गाल गेला होता. तिने आता फक्त कडा धरल्या.

“काय बोली ऱ्हायना हाऊ? तोंड उघडं शे.”

मी ते वाक्य शंभर वेळा बोललेली. रेघ माझ्या कडेला होती, अजून शाबूत होती, आणि मला एक अक्षर काढता येत नव्हतं. सलाउद्दीनने सांगितलं. “म्हनस, साहब, मेरे घर को बोलना...”

“काय बोलना?”

ज्या माणसाने एका दमात मंगळाचं राज्य वाटलं होतं, त्याला एक वाक्य पुरं करणं जड नव्हतं. नईमाने त्याला कोपराने ढोसलंसुद्धा. त्याने तिचं कोपर बाजूला केलं.

“तठेच मरस, बेटा. पुढे काही नई.”

गुलाबबाईने मान हलवली. तिने पदराने डोळे टिपले नाहीत, कारण दोन्ही हातांत बाप होता. थोड्या वेळाने ती म्हणाली, “चाची, कातर दे.”

“कापू नका,” हेमकांत सर कळवळून म्हणाले. “बाई, जगात एवढी एकच प्रत उरली आहे. राष्ट्राचा ठेवा...”

“राष्ट्रले बाकीनं ठेवा, सर. मी मन्हा बापनं तोंड लई जास.”

मला कापलं, मित्रांनो. एका हाताने कातर चालेना म्हणून तिने पट्टी सरांकडे दिली, आणि सरांनी ती दोन्ही हातांनी ताणून धरली. एवढं त्यांच्या खात्यावर जमा करा. त्यांच्या गालावरून पाणी चाललं होतं. कातर गेली त्याचं मला दुःख नाही. इतकी वर्षं मी त्याला फक्त मारत आले होते. पहिल्यांदा त्याला कुणीतरी घरी न्यायला आलं होतं.

चेहऱ्याच्या बऱ्या उरलेल्या चौकटींचा वितीएवढा तुकडा नईमाने औषधांच्या प्लास्टिकच्या पिशवीत घातला, आणि हवा लागू नये म्हणून पिशवी चारी बाजूंनी पट्टी मारून बंद केली. काळजीपोटी. मी पाहत होते. सरांनी आठवण म्हणून सेल्फीही काढली. गुलाबबाई पिशवी उन्हात धरून उभी, शेजारी सर, तोंडावर ऊन. सगळे छान आले. पिशवीत तेवढा काळा ठिपका आला.

शुक्रवारी परिषद झाली. पाहुणे उशिरा आले. माझ्या रिकाम्या डब्याला हार घातला, नारळ फोडला. गुलाबबाई आली नव्हती, आणि स्वागताचं नृत्य सरांनीच रद्द केलं होतं. सलाउद्दीनने मला जोडून घेतलं आणि मशीन हाताने फिरवत, कडेची भोकं फाटत फाटत, थोडी चालवली. पडद्यावर नायक धावत आला. खडकापाशी गुडघे टेकून बसला. हात पुढे करून ढसाढसा रडला. खडकापाशी कुणीच नव्हतं, काळूचं चित्र तेवढं सोलून गेलं होतं. तो रिकाम्या जागेला मिठी मारून रडत होता. सभागृहात टाळ्या पडल्या. एका तज्ज्ञाने उभं राहून सांगितलं की अनुपस्थितीचं इतकं प्रगल्भ चित्रण त्या काळात दुर्मीळ आहे. सरांनी काहीतरी सांगायला माईक धरला, तेवढ्यात मी तुटले.

आता मी कॉलेजच्या काचेच्या कपाटात आहे. कपाट बंद आहे. माझं काय व्हायचं ते होईल, माझ्यावर आता नायकच उरला आहे आणि तो टिकाऊ आहे. माझी चिंता त्या वितीएवढ्या तुकड्याची आहे. माझी कूज त्याच्याही अंगात आहे. बंद पिशवीत तो माझ्यापेक्षा लवकर जाईल. एक उन्हाळा, फार तर दोन.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी जुन्या फिल्मा असतील तर त्यांचे डबे उघडा, त्यांना थंड जागा द्या, वारा द्या, हे मी सांगायला हवं, ते सांगितलं. पण तुमच्यापैकी कुणी अक्कलकुव्याकडे राहत असेल, तर त्याने आजच खापरला जावं. बाजारात गुलाबबाईचं घर कुणीही दाखवील. तिला म्हणा, पिशवीची पट्टी काढ. एका मोबाइलचा पडदा पांढरा करून तुकड्याच्या मागे धरा आणि दुसऱ्याने फोटो घ्या. पुसू नका. कडेला धरा. एकेका चौकटीचा घ्या, कारण एकीत भुवई नाही, दुसरीत गाल नाही, सगळ्या मिळून तो एक माणूस होतो.

आणि फोटो काढताना कृपा करून नायकासारखे त्याच्या समोर उभे राहू नका.